पोईचा वाडगा उघडा असताना

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. पैशात नव्हे. पैशात मला फसवू शकेल असा माणूस होनोलुलूच्या भाजीबाजारात कधी भेटला नाही. तिनं माझ्या सासूबाईंना माझ्या घरातून नेलं, परत पाठवते म्हणाली आणि पाठवलं नाही. ठरलेला सौदा तिनं मोडला, आणि मोडताना मला तोंड उघडता येऊ नये अशी सोय करून ठेवली.

सासूबाईंच्या बाबतीत सौदा हा शब्द नातेवाइकांना खटकतो. मला खटकत नाही. मी सौद्यावर जगले आहे. नवऱ्याबरोबर होनोलुलूला आले तेव्हा त्याची बंदरावरच्या वर्कशॉपमधली नोकरी होती आणि मला इंग्रजीत भाजीचा भाव विचारण्यापलीकडे काही येत नव्हतं. तेवढं पुरलं. त्या बाजारात अळूच्या पानांच्या जुड्या मिळायच्या, आमच्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठ्या पानांच्या. विकणारे जुडीच्या पोटात फाटकी पानं लपवायचे. मी प्रत्येक जुडी तिथल्या तिथे सोडून बघायची. सुरुवातीला ते चिडायचे, मी त्यांच्याहून जास्त चिडायची. पुढे मला बघितलं की चांगली जुडी आपणहून पुढे यायची. त्या पानांच्या वड्या उकडून मी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर विकायला लागले. तिथल्या लोकांना अळूचं पान नवं नव्हतं, पान गुंडाळून उकडणंही नवं नव्हतं. नवं होतं ते आतलं बेसन, चिंच आणि गूळ. वर्षभरात बाजारात एक खिडकी माझ्या नावावर झाली. सगळे तिला दुकान म्हणायचे. मीही म्हणायची.

तर सौदा असा होता. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. सासरे गेल्यावर थोरल्या दिरांनी त्यांना अमेरिकेत आणलं. दीर तिकडे पूर्व किनाऱ्याच्या थंडीत, श्रूजबरीला डॉक्टर. बर्फात आईंचे गुडघे आखडले, महिनोन्‌महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मी फोनवर म्हटलं, "दिवाळी झाली की आईंना माझ्याकडे पाठवा, गुढीपाडवा झाला की तुम्ही न्या." दीर हो म्हणाले, माझा नवरा हो म्हणाला, जाऊ म्हणाली, "तुला झेपेल ना गं? तुझं ते दुकान..." मी म्हटलं, "वहिनी, मला काय झेपतं ते मी बघते."

आई आल्या. विमानातून उतरताना अंगावर जावेनं दिलेला जाड कोट होता. तो त्यांनी विमानतळावरच काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेव ह्यो खंय तरी," म्हणाल्या. पुन्हा कधी विचारला नाही.

आमच्या शेजारी एक हवाईयन म्हातारी राहायची. सगळी आळी तिला टूटू म्हणायची. टूटू म्हणजे आजी; इंग्रजी तिचं माझ्याइतकंच मोडकं. तिच्या मागच्या पडवीत दर आठवड्याला अळूचा घाणा निघायचा. तिकडे अळूला कालो म्हणतात, आणि त्यांचं सगळं लक्ष पानापेक्षा कंदावर. आपल्या अळकुड्या मुठीत चार मावतील, त्यांचा एकेक कंद नारळाएवढा. टूटूचा मुलगा डोंगराकडच्या खाचरातून पोतं भरून आणायचा. मोठ्या पातेल्यात ते कंद सकाळपासून उकडायचे, सुरी लोण्यात जावी तशी आत जाईपर्यंत. घाई केली की घसा धरतो. मग साल काढायची, डोळे कोरायचे, आणि एका लांब पसरट लाकडी पाटावर दगडानं कुटायचं. तो दगड मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, वरवंटा उभा करून त्याला कंबर काढली आहे. कुटायचं, पलटायचं, ओला हात फिरवायचा, परत कुटायचं. आधी घट्ट गोळा होतो, चिवट आणि चकचकीत. तो तसाच ठेवला तर टिकतो. पाणी घालून मळत नेला की पोई. रंग जांभळट करडा. ताजी गोडसर, दुसऱ्या दिवशी आंबूस, तिसऱ्या दिवशी चांगलीच आंबट.

आई पहिल्या आठवड्यातच कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. टूटूनं हातानं बोलावलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. टूटूनं साल खरवडायला चमचा दिला तो आईंनी बाजूला ठेवला आणि पडवीतल्या शिंपल्यांच्या ढिगातून एक उचलला. टूटू हसत सुटली, कारण तिची आजी शिंपल्यानंच खरवडायची. हे मला तिच्या मुलानं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या सासूबाई तिथल्या झाल्या. मी दुकानातून परत यायची तेव्हा दोघी पाय पसरून बसलेल्या असायच्या, एक मालवणीत बोलतेय, दुसरी हवाईयनमध्ये, आणि दोघींचं बरोबर चाललंय.

पोई आईंनी पहिल्यांदा खाल्ली ती तिसऱ्या दिवसाची. टूटूनं वाडगा पुढे केला, शेजारी खारवलेला मासा आणि चिरलेला कांदा. आईंनी दोन बोटं बुडवली, चाटली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही तर आंबलेली पेज गो! आणि ह्यो खारो बांगडो!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कांद्यामुळे म्हटलं. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हव." नंतर त्या हिवाळ्यात त्या रोज दुपारी पोई खायच्या. दातांचा त्रास होता, भाकरी तुटत नव्हती, श्रूजबरीत त्यांना दुधात पाव बुडवून मिळायचा. माझ्याकडे त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चालायला लागल्या. टूटूच्या परसात जाऊन कोंबड्यांना ओरडायच्या.

टूटूच्या घरची एक रीत मी इथे सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. त्यांच्याकडे अशी कथा आहे की पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं आणि त्या जागी अळू उगवलं. त्यानंतर जन्मला तो माणूस. म्हणजे अळू हा आपला थोरला भाऊ. पोईचा वाडगा उघडा असतो तोवर थोरला भाऊ पंगतीत बसलेला असतो. त्याच्यासमोर भांडायचं नाही, चढ्या आवाजात बोलायचं नाही, देण्याघेण्याचं काही काढायचं नाही. वाडग्यावर कापड पडलं की मोकळे. मी पहिल्यांदा त्या घरी जेवले तेव्हा टूटूच्या मुलाशी पानांच्या भावावरून हुज्जत घालायला लागले आणि म्हातारीनं नुसतं वाडग्याकडे बोट केलं. मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही, पण ही रीत मला पटली. आईंना तर इतकी पटली की माझ्या घरी टेबलावर पोई आली की त्या आपल्या लेकालाही दटावायच्या, "हळू बोल, थोरलो बसलो हा."

पाडवा जवळ आला आणि दीर, जाऊ आईंना न्यायला आले. आठवडाभर राहायचे होते. त्यांची मुलगी तेव्हा लहान, तिला तिकडे मैत्रिणीकडे ठेवली होती. जाऊ घरात शिरली, आईंकडे बघून म्हणाली, "अय्या, आई किती काळ्या झाल्यात!" मी म्हटलं, "बऱ्या झाल्यात, वहिनी. उजेडात बसतात."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, आज अळूचं फदफदं मी करते. टूटूनं पानं दिली आणि हातानं खुणा करून सांगितलं, खूप वेळ, खूप वेळ. मीही सांगितलं, "वहिनी, ही पानं आपली नाहीत. दोन तास तरी शिजवा." ती म्हणाली, "मला नको शिकवूस गं. भरपूर चिंच घातली की कसली खाज आणि कसलं काय." प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्या, चिंचेचा कोळ, शेंगदाणे, फोडणी. दिसायला झकास. पहिल्या घासाला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला दीर खाकरले. तिसऱ्याला माझा नवरा उठून नळाकडे पळाला. आई जीभ बाहेर काढून हसत होत्या, हसता हसता खोकत होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, चिंच अजून थोडी घालू का?"

सगळे हसले. ती हसली नाही. तिथून पुढे तिनं माझ्याशी गोड बोलायला सुरुवात केली, आणि माझे कान उभे राहिले. बाजारात एखादा अचानक गोड बोलायला लागला की मी जुडी दोनदा सोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "त्या टूटूकडे जेवायला बोलावलंय रविवारी. काही रीतभात असते का गं? उगाच माझ्याकडून काही चुकायला नको." मी तिला सगळं सांगितलं. थोरला भाऊ, वाडगा, कापड, सगळं. अभिमानानं सांगितलं. घरच्या माणसाला घरची रीत सांगायची नाही तर कुणाला सांगायची?

शनिवारी ती दिरांशी हळू आवाजात बोलताना मी ऐकलं. "माझा जॉब सुरू झाला की घरी कुणीतरी नको का? डेकेअरला टाकायची का पोरीला?" एवढंच. मला पुरेसं होतं. आईंना पुढच्या दिवाळीनंतर ती पाठवणार नव्हती. श्रूजबरीच्या त्या बंद घरात आई खिडकीतून बर्फ बघत नातीला सांभाळणार होत्या, पाव दुधात बुडवून खाणार होत्या.

मी ठरवलं, रविवारी चारचौघांत शब्द घ्यायचा. घरात दिलेला शब्द घरात विरतो. टूटू, तिचा मुलगा, सगळ्यांसमोर महिना ठरवायचा, तिकीट ठरवायचं. सौदा पंचांसमोर झाला की मोडायला जड जातो.

रविवारी पडवीत चटया टाकल्या होत्या. मधोमध लाकडी वाडगा, वर ओलं कापड. टूटू आत मासे काढत होती. जेवण सुरू व्हायला अवकाश होता, वाडगा झाकलेला होता, म्हणजे बोलायला मोकळीक होती. मी सुरुवात केली.

"वहिनी, भाऊजी, एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकू. दिवाळीनंतरचं आईंचं तिकीट मी आजच बुक करते."

"अगं, आत्ता कशाला? अजून किती लांब आहे."

"लांब आहे म्हणूनच. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. चालेल ना, भाऊजी?"

दीर म्हणाले, "हो, म्हणजे, बघू..."

"बघू नाही. हो की नाही?"

माझा आवाज चढला होता, ते मला मान्य आहे. माझा आवाज चढतोच. जावेनं माझ्याकडे बघितलं, गोड हसली, हात लांब केला आणि वाडग्यावरचं कापड काढून घेतलं. यजमानीण आत असताना. आठवडाभर जिनं त्या पोईला बोट लावलं नव्हतं, "गोंदासारखं काय खाता तुम्ही" असं जी म्हणाली होती, तिनं कापडाची नीट घडी केली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता नाही हं. थोरले बसलेत ना?"

आई लगेच म्हणाल्या, "खरा आसा. गप."

टूटू मासे घेऊन बाहेर आली, तिनं उघडा वाडगा बघितला, माझा लाल झालेला चेहरा बघितला, आणि डोळ्यांनी मला दटावलं. तिला काय माहीत. मी दात आवळून बसले.

त्या दिवशी माझ्या जावेनं जी पोई खाल्ली तेवढी मी कुणाला खाताना बघितलेली नाही. सगळ्यांचं होऊन गेलं, टूटूचा मुलगा वाडग्याच्या कडा बोटानं पुसून कापड घालायला निघाला, की ही म्हणायची, "वन मोअर, प्लीज." दोन बोटं बुडवायची, डोळे मिटून गिळायची. घशाखाली उतरत नव्हती हे मला दिसत होतं. टूटू खूश. म्हणाली, तुझी जाऊ किती चांगली आहे, किती आवडीनं खाते. ऊन कलंडेपर्यंत आम्ही तिथे बसलो आणि वाडगा उघडाच.

निघताना जावेनं आणखी एक केलं. उरलेली पोई मागून घेतली. "आईंना आवडते ना, घरी नेऊ." माझ्याच घरी, माझ्याच टेबलावर तिनं ती संध्याकाळभर उघडी ठेवली. मी उठून वर ताटली झाकली. ती म्हणाली, "राहू दे गं, आईंना अजून दोन घास हवेत. हो ना, आई?" आईंनी ताटली काढली. मी तोंड उघडलं तेव्हा आईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? आईंसमोर आईंनी मानलेली रीत मोडायची? नुसती बाहेरच्या कुणी मानलेली असती तर मोडली असती. नवरा म्हणाला, "उद्या बोल, एअरपोर्टवर." हा मनुष्य आयुष्यभर उद्याच बोलत आला आहे.

विमानतळावर मी बोलले. आई व्हीलचेअरमधून पुढे गेल्या होत्या, दीर त्यांच्याबरोबर. मी जावेचा दंड धरला. "वहिनी, दिवाळीनंतर."

"हो गं बाई, पाठवते. शप्पथ." आणि गेली.

दिवाळीनंतर फोन केला तर आईंचे गुडघे. पुढच्या दिवाळीला आईंचं ब्लड प्रेशर. मी म्हटलं मी येऊन घेऊन जाते, तर दीर म्हणाले, डॉक्टर म्हणून सांगतो, एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही. टूटू दर वेळी विचारायची, तुझी म्हातारी कधी येणार. मी तिला एकदा त्या रविवारचं सगळं सांगितलं. तिनं हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाली, वाडगा भांडण थांबवायला असतो, भांडण चोरायला नसतो. आणि त्यानंतर तिनं जावेचं नाव काढलं नाही. माझ्या जावेबद्दल एवढं खरं बोललेलं दुसरं माणूस आमच्या घराण्यात नाही.

आईंचा फोन व्हायचा तेव्हा मागे कुणीतरी असायचंच. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. "तुज्या दुकानाचो पसारो आवरलो काय गो?" मी म्हणायची, पसारा कसला, आई, दुकान मस्त चाललंय. त्या म्हणायच्या, "बरा, बरा. चलांदे." मला वाटायचं, कौतुकानं विचारतात; प्रवासाचं मी काढत नव्हते, भाऊजी नाही म्हणत असताना त्यांना उगाच आशा कशाला लावायची. एका हिवाळ्यात त्या श्रूजबरीलाच वारल्या. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार नंतर कळला. तीच पुतणी, जिला आईंनी सांभाळलं, कॉलेजात असताना सुट्टीत माझ्याकडे आली होती. चांगली मुलगी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तिला पोई वाढली, ती म्हणाली, आजी हे नाव घ्यायची. मग सहज, अर्धं इंग्रजीत, चमचा चाटत म्हणाली, "आजीला परत यायचं होतं, काकू. पण मॉम म्हणाली होती की तुम्हालाच ती नकोय, शॉपमुळे. यू वेअर टू बिझी. म्हणून आजी वाट बघायची, शॉपचं काम कमी व्हायची."

मी तिला आणखी पोई वाढली. उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

म्हणजे माझ्या सासूबाई मी बोलवायची वाट बघत होत्या, आणि मी त्या कधी येतात याची. प्रत्येक फोनवर त्या मला विचारत होत्या, आता येऊ का? आणि मी प्रत्येक वेळी सांगत होते की दुकान मस्त चाललंय.

हे मी जावेला विचारलं आहे. एकदा फोनवर, एकदा नात्यातल्या लग्नात, आणि एकदा तिच्या श्रूजबरीच्या घरी, तिच्या सोफ्यावर बसून. ती म्हणते, "जुनं काय उकरून काढतेस? आता वय झालं आपलं." वय तुझं झालं असेल, वहिनी. माझं अजून भाव ठरवण्याइतकं शाबूत आहे. मी भांडायला येत नाहीये, तुम्ही माफी मागा असंही म्हणत नाहीये. मला एक वाक्य हवंय. मला त्या नकोत असं तुम्ही आईंना कधी सांगितलंत, कुठे सांगितलंत, आणि कुणाच्या तोंडचं म्हणून सांगितलंत? भाऊजी, तुम्हीही तिथेच होतात. तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात, की तुम्हालाही तेच सांगितलं गेलं? दोघांपैकी कुणीही बोला. पण माझ्या नवऱ्यासमोर बोला, आणि तुमच्या मुलीसमोर बोला. आईंना मी नको म्हटलं नव्हतं, हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हा विषय सोडणार नाही. उत्तर द्या.